दुसरा ब्रेक

ब्रेक तिने दाबला नव्हता. तरी गाडी गचका देऊन जागच्या जागी थांबली आणि मागच्याने हॉर्नवर हात ठेवला.

"बाबा, सिग्नल हिरवा आहे."

"कुत्रं होतं."

"ते फुटपाथवर झोपलंय."

"उठलं असतं तर?"

ठकीने गाडी पुन्हा चालू करून पहिला गिअर टाकला. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाडी, टपावर एक पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जास्तीचा एक ब्रेक. पूर्वी हा दुसरा ब्रेक बाबा क्वचितच वापरत. शिकणारीला घाम फुटला की मागच्या सीटवर विणकाम घेऊन बसलेली आई म्हणायची, "होतं असं. परत कर चालू." बायका शिकायला आल्या की आई हमखास मागे बसायची, आणि निम्म्या बायका बाबांपेक्षा तिच्याच भरवशावर गाडी शिकल्या होत्या.

गेल्या वर्षी आई गेली. तेव्हापासून बाबांचा पाय त्या ब्रेकवरून उठला नाही. बेकरीवाल्या काकूंनी परवा वैतागून विचारलं होतं, "मास्तर, मी शिकतेय कधी आणि तुम्ही थांबवताय किती?" बाबा कसनुसं हसले होते आणि पुढच्याच वळणावर पुन्हा ब्रेक.

"मुलाखतीत त्या पेपरचं विचारलं तर काय सांगशील?" बाबांनी विचारलं. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"ताप होता."

"किती?"

"तापाचा आकडा कोण विचारतं, बाबा?"

"विचारलाच तर? एकशेतीन म्हण. एकशेदोनला लोक पेपर देतात."

तापाची कल्पना मावशीची. फोनवर तिने ठकीला समजावलं होतं, "बाई गं, लोकांना आपलं दुःख सांगू नये. तोंड कसं करावं ते त्यांना कळत नाही. ताप कसा, सगळ्यांना कळतो."

आज मुलाखत होती ते कॉलेज पूल कसे बांधतात ते शिकवायचं. हजारो अर्ज यायचे, त्यातली मूठभर मुलं घेत. आणखी दोन ठिकाणी ठकीने अर्ज केले होते. तिथे कोणी भेटायलासुद्धा बोलावलं नाही, मागच्या वर्षीचं 'गणित, नापास' वाचूनच त्यांनी दार लावून घेतलं. फेरपरीक्षेत तिला पंच्याण्णव मिळाले होते, पण नापासचा तो शिक्का कागदावर तसाच राहिला. आता उरलं हे एक. इथून नाही म्हणाले की पूल संपला.

आणि तो ताप खोटा होता, एवढंच ठकीचं दुखणं नव्हतं. बाबांना जे खरं वाटत होतं तेही खरं नव्हतं. आईच्या आठवणीने पोरीला रडू कोसळलं आणि पेपर कोरा राहिला, असं बाबा समजून होते. आल्यागेल्याला त्यांनी तसंच सांगितलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा, समोरची माणसं ठकीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि तिला वाटायचं, आत्ता जमीन फाटली तर बरं.

कॉलेजच्या व्हरांड्यात बाक होते. प्रत्येक बाकावर एक मूल, एक फाईल आणि फाईलपेक्षा घट्ट धरलेले आई-बाप. शेजारच्या मुलीची आई तिच्या कॉलरवरचं न दिसणारं काहीतरी झटकत होती. ताप, ठकी मनात म्हणाली. ताप, ताप. शब्द इतका घासला की त्याचा अर्थच निघून गेला.

"पाणी पी," बाबा म्हणाले.

"नको. मध्येच जावं लागलं तर?"

"तेही खरं." बाबांनी स्वतःच बाटली तोंडाला लावली, आणि निम्मी शर्टावर सांडली.

आत तिघे होते. कागदांत डोकं घातलेले एक बारीक सर, एक तरुण सर, आणि चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेल्या एक वयस्क बाई. पहिले प्रश्न सोपे होते. मग बारीक सरांचं बोट एका जागी थांबलं.

"सगळीकडे नव्वदच्या वर. आणि इथे सात. शंभरात सात." त्यांनी वर पाहिलं. "पूल बांधायला निघालात, आणि गणितात सात?"

"फेरपरीक्षेत..."

"ते दिसतंय. मी या सातांचं विचारतोय. आजारी होतात का?"

म्हणजे खोटं त्यांनीच आयतं पुढे केलं होतं. तिने फक्त मान हलवायची होती. ठकीला आपला उजवा पाय जाणवला. टेबलाखाली तो फरशीवर इतका जोरात रेटलेला होता की पोटरीत गोळा आला होता. बाबांचा पाय असाच असायचा. तिने तो उचलून मागे घेतला. उतारावर गाडी सुटावी तसं वाटलं.

"नाही," ती म्हणाली. "आजारी नव्हते. मी झोपले होते."

तरुण सर हसले. "पेपरात?"

"हो. पहिलं गणित सोडवलं आणि झोपले. घंटा झाली तेव्हा जाग आली."

ती तशीच पुढे बोलत राहिली.

"आई गेली होती. त्याआधी हॉस्पिटलात मी आणि बाबा आळीपाळीनं जागायचो. तिचा श्वास ऐकत. एखादा चुकला की धस्स व्हायचं. मग ती गेली, तरी झोप येईना. ऐकायला काही राहिलं नव्हतं, पण कान लागलेलेच. आणि पेपराला बसले तर वर्गात पंखा फिरत होता, सगळे मान खाली घालून लिहीत होते. वाटलं, आता इथं कोणाला काही होणार नाही. बस, एवढंच. रडले-बिडले नाही मी. झोपले."

"कोणी उठवलं नाही?" बाईंनी विचारलं.

"सुपरव्हायजर बाई आल्या होत्या म्हणे. पंखा जरा कमी करून गेल्या."

तरुण सरांचं हसू मघाशीच विझलं होतं. बारीक सर मात्र तसेच कोरडे राहिले. "इथे चार वर्षं काढायची असतात. या वर्षांत कोणाच्या घरी काही होत नाही असं नाही. पुन्हा असं झालं तर काय कराल?"

याचं उत्तर ना मावशीने पढवलं होतं ना बाबांनी.

"आधी सांगेन," ती म्हणाली. "त्या वेळी झोप येत नाही हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. घरात तसं कोणी बोलत नव्हतं."

सरांनी काहीतरी लिहिलं. एक शब्द असेल, फार तर दोन. "कळवू," ते म्हणाले. त्या 'कळवू'ला ना चेहरा होता ना आवाज. ठकी फाईल उचलून बाहेर आली.

बाबा उभेच होते. "तापाचं विचारलं?"

"गाडीत सांगते."

गाडीत तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेकडे बघत तिने सगळं सांगितलं, पंख्यासकट. सांगून झाल्यावर शेजारी बघायची हिंमत होईना. आईच्या वाटचं रडू चोरून आपण झोपेला दिलं, असंच तिला इतके दिवस वाटत आलं होतं. आता ते बाबांनाही वाटणार.

बाबांनी शर्टावरचा पाण्याचा डाग बोटाने पुसून पाहिला.

"रडत होतीस असं मी सगळ्यांना सांगत सुटलो," ते म्हणाले.

"तुम्हाला सांगताना बरं वाटायचं. म्हणून बोलले नाही."

"हं." मग, "गाढ लागली होती?"

"हो. लाळसुद्धा गळली होती पेपरावर."

बाबांच्या नाकातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला. "बरं झालं," ते म्हणाले. "आपल्या दोघांत एकाला तरी लागली." आणि खिडकीकडे तोंड करून, तिला ऐकू जाईल न जाईल इतक्या हळू, "मला अजून लागत नाही, ठके."

तिने किल्ली फिरवली.

बाजारातून गाडी बाहेर पडली, हातगाड्यांच्या गर्दीतून निघाली, शाळेपाशी आली. काहीतरी चुकत होतं. काय ते ठकीला चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर कळलं. एकदाही गचका बसला नव्हता. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांनी चपला काढून दोन्ही पाय सीटवर घेतले होते, मांडी घातली होती, आणि डोकं काचेला टेकलं होतं. तोंड अर्धवट उघडं. खाली दुसरा ब्रेक एकटाच होता.

तिने स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. पुढे ट्रक, बाजूला सायकलवाला, मागे बस, आणि या सगळ्यातून गाडी थांबवणारं आता कोणी नव्हतं, ती सोडून. सिग्नल हिरवा झाला. तिने घाईने क्लच सोडला, इंजिन गचकलं आणि बंद पडलं. मागून हॉर्नचा गलका उठला. बाबा हलले. ठकीने श्वास रोखला. ते जागे झाले नाहीत.

होतं असं, ती ओठांतल्या ओठांत म्हणाली. परत कर चालू.

गाडी निघाली. ट्रकचे लाल दिवे लागले तेव्हा तिने आपला ब्रेक इतका हलका दाबला की बाबांची मान जागची हलली नाही. मग तिला त्यांचा श्वास ऐकू आला. लांब, जड, मध्येच जरासा घोरणारा. ती तो ऐकत राहिली.

घराचं वळण आलं. तिने इंडिकेटर दिला, थोडं पुढे जाऊन बंद केला, आणि गाडी हळूच सरळ नेली.