लालसाबचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची मोटार आहे. सोलापुरातल्या एका तीन मजली अपार्टमेंटच्या जिन्याखाली मी बसते. इथे नळाला चार दिवसांआड पाणी येते. ते खालच्या हौदात पडते आणि मी ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. पाणी आले की जिन्यात एकच गलका होतो. ‘पाणी आलं’, ‘पानी आया’, ‘नीरु बंतु’! मराठी, उर्दू, कानडी, सगळ्यांची टाकी एकच आहे.

माझ्यात एक खोड आहे. मी हवा धरते. मग कितीही गरगरले तरी थेंब चढत नाही. अशा वेळी माझे बूच काढून, बुडबुडे थांबेपर्यंत तांब्याने हळूहळू पाणी ओतावे लागते. नऊ वर्षे हे काम तळमजल्यावरचे भाडेकरू लालसाब करत आले आहेत. बोलावले आणि ते आले नाहीत, असे कधी झाले नाही.

गेल्या महिन्यात घरमालकाने ते घर लालसाबनाच विकायचे ठरवले. त्यासाठी सोसायटीचे ना हरकत पत्र हवे होते. बैठक माझ्यासमोरच भरली.

“माणूस चांगला आहे हो,” सेक्रेटरी दिग्विजयराव म्हणाले. “पण आज एकाला घर दिलं की उद्या त्यांच्यातले आणखी येतील. लोकांना आवडत नाही.”

कोणत्या लोकांना? दुसऱ्या मजल्यावरच्या गंगम्मा तेवढ्या भांडल्या. बाकीचे मोबाइल बघत बसले. पत्र नाकारले गेले. आता मालक घर दुसऱ्याला विकणार आणि लालसाब बायकोमुलांना घेऊन बाहेर पडणार. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली!

परवा पाणी आले आणि मी हवा धरली. खरे सांगते, मुद्दाम नाही. दिग्विजयरावांनी भसाभसा बादली ओतली. मी नुसती घरघरले. शेवटी त्यांनीच जाऊन लालसाबचे दार वाजवले. लाज कशी वाटली नाही!

लालसाब घरातून भरलेला तांब्या घेऊन आले.

“हौद भरलाय, त्यातलंच घे की,” गंगम्मा म्हणाल्या.

“नको अम्मा. आमचा तांब्या बुडवला तर उगं कुणाला तरी आवडायचं न्हाय.”

लालसाबनी घरच्या पाण्याने माझी हवा काढली. पाणी चढले.

“पुढच्या पाण्यालाही या बरं का,” दिग्विजयराव म्हणाले.

“येतो की. तवर हितं असलो तर.”

मित्रांनो, त्या दिवशी बारा घरांत चहा झाला. त्या पाण्याआधी लालसाबच्या घरचा तांब्या माझ्या पोटात गेला होता. सोसायटीवाल्यांनो, तो तुम्हाला चालला आणि लालसाब चालत नाहीत? मला ग्रीस नको, नवा रंग नको. आधी त्या पत्रावर सही करा.