मास्कला धुकं, समोर कासव

मित्रांनो, माझ्या काचेच्या कोपऱ्यात एक बारीक ओरखडा आहे, पट्टा दुसऱ्याच कुणाचा तरी आहे आणि काळा रंग विटून राखाडी झालाय. तरीही मी कामावर आहे. समुद्राखाली जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर बसणारा जुना मास्क आहे मी. पाण्यात नुसतेच डोळे उघडले तर सगळं पुसट दिसतं. नीट दिसायला डोळ्यांपुढे थोडीशी हवा असावी लागते. ती हवा धरून ठेवणं हे माझं काम.

मी कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून आलो आणि धक्क्याजवळच्या एका लांबट दुकानात पोचलो. एका भिंतीला हवेच्या टाक्या, दुसरीला उलटे टांगलेले ओले सूट आणि जमिनीवर बारा महिने पाणी. तिथे लोकांना समुद्राखाली फिरवून आणणारे एक काका होते. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या काचेला टूथपेस्ट चोळली. नव्या काचेवरचा चिकट थर त्याने जातो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, यांना मी दात वाटलो की काय!

पुढची काही वर्षं माझी चैनच होती. पहिल्या खुंटीवर मी. "हा घ्या, याच्यात थेंब शिरत नाही," असं काका सांगायचे आणि मी खुंटीवरच ताठ व्हायचो. मी पोपटमासे पाहिले. ते दातांनी प्रवाळ कुरतडतात आणि पाण्याखाली त्याचा कटकट आवाज स्पष्ट ऐकू येतो, जणू शेजारच्या बाकावर कुणीतरी चणे खातंय. दगड समजून ज्याच्यावरून नजर फिरली, तोच दगड रंग बदलून आठ पायांनी चालता झालेला पाहिला. मग दुकानात निळे-पिवळे, चकचकीत मास्क आले. मी एकेक खुंटी खाली सरकत थेट दाराआड गेलो. तिथे फक्त भिंत दिसायची. मित्रांनो, ज्याचा जन्मच बघण्यासाठी झालाय, त्याला भिंतीकडे तोंड करून टांगणं बरं नव्हे.

एक दिवस दुकानात एक कुटुंब आलं. आई, बाबा आणि नुकतीच दहा वर्षांची झालेली टिल्लू. दहाच्या आतल्या मुलांना काका खाली नेत नसत, म्हणून ही पोर वाढदिवसाची वाट बघत बसली होती. घरी बादलीत तोंड बुडवून तिने सराव केला होता. तिला कासव बघायचं होतं. काचेच्या टाकीतलं नाही, समुद्रातलं.

"उद्यापासून वारा सुटणार आहे, होड्या बंद राहतील," काका म्हणाले. "जायचं तर आजच."

"मी पण जाणार तिच्याबरोबर," आई लगेच म्हणाली. "तिला एकटीला नाही सोडायची."

"आई, काका आहेत ना!"

"काका आहेत. मी पण आहे."

काकांनी टिल्लूला छोटा मास्क आणि गुलाबी सूट दिला, आणि आईने स्वतःसाठी मास्क निवडायला घेतले. प्रत्येकाचा पट्टा ओढून पाहिला, रबरी किनारीचा वास घेऊन पाहिला, काच उजेडात धरली. बाबा हळूच म्हणाले, "अगं, मास्क घेतेयस की जावई बघतेयस?" चकचकीत मंडळी एकेक करून नापास झाली. शेवटी ती दाराआड आली, माझी किनार तिने गालावर दाबली आणि म्हणाली, "हा बरा आहे. मऊ आहे." किती दिवसांनी मला भिंतीऐवजी माणसाचा चेहरा दिसला!

आधी उथळ पाण्यात शिकवणी झाली. काकांनी खुणा शिकवल्या. बोटांचं गोल म्हणजे ठीक आहे. अंगठा वर म्हणजे वर जायचं, पण सावकाश, एकदम नाही. एका हातावर दुसरा हात ठेवून दोन्ही अंगठे हलवले की कासव. "आणि एक नियम. एक वर, तर सगळे वर. कुणाला मागे ठेवायचं नाही." मग त्यांनी मास्कमध्ये पाणी शिरलं तर काय करायचं ते करून घेतलं. वरची कड कपाळाला दाबायची, वर बघायचं, नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. टिल्लूने हसत केलं. आईने केलं खरं, पण खोकत वर आली आणि म्हणाली, "झालं ना? आता परत नका हं सांगू हे."

होडीवर काका म्हणाले, "आता मास्कमध्ये थुंका."

"कशात?" आईचा आवाज चढला.

"मास्कमध्ये, ताई. काचेला आतून चोळायचं आणि किंचित पाणी फिरवायचं. म्हणजे धुकं धरत नाही."

टिल्लूला एवढं छान काम आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिने लगेच उरकून मास्क डोक्यावर चढवला. आईनेही तोंड वेडंवाकडं करत केलं, पण काकांची पाठ वळताच पिशवीतली पाण्याची बाटली काढली, मला आतून खळखळून धुतलं आणि ओल्या रुमालाने लख्ख पुसलं. टिल्लूच्या मास्ककडेही तिचा हात गेला होता, पण पोर निसटली. मला सगळं कळत होतं. पण मला तोंड कुठे आहे सांगायला?

"तुम्ही दोघी जा, मी होडी सांभाळतो," बाबा म्हणाले. होडी सांभाळायला नावाडी होता. बाबांना मळमळत होतं, एवढंच.

दोराला धरून आम्ही खाली गेलो. पहिली काही मिनिटं काय सांगू! समुद्रफुलाच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या, बोटांत लपलेला नारिंगी मासा बाहेर येऊन आमच्यावरच धावून आला. केवढासा जीव आणि केवढा तोरा! आईच्या डोळ्यांत मी हसू पाहिलं.

मग माझ्या काचेवर धुकं चढू लागलं. आधी कडेला, मग मध्ये, मग सगळीकडे. आई घाबरली, तिचा श्वास वाढला आणि धुकं आणखी दाट झालं. तिला मासे दिसले नसते तर चाललं असतं. तिला टिल्लू दिसेना. फक्त गुलाबी रंगाचा एक डाग हलत होता. काका जवळ आले, त्यांनी स्वतःच्या मास्कच्या वरच्या कडेला बोट लावून दाखवलं: थोडं पाणी आत घे, फिरव आणि बाहेर काढ. तेच, जे तिला परत करायचं नव्हतं. तिने मान हलवली. तिचा अंगठा वर उठू लागला. तो पूर्ण उठला की सगळे वर जाणार होते.

तेवढ्यात दोन छोटे हात आले. त्यांनी आईचा उजवा हात घेऊन डाव्यावर ठेवला. मग तिचे दोन्ही अंगठे धरून हळूहळू हलवले.

कासव!

आई क्षणभर थांबली. लेक बघत होती आणि तिला आपल्या आईलाही दाखवायचं होतं. आईने अंगठे मिटले आणि माझी वरची कड सैल केली. गार पाणी आत आलं, काचेवरून ओघळलं, तिच्या पापण्यांपर्यंत चढलं. तिने डोळे घट्ट मिटले, कड कपाळाला दाबली आणि नाकाने अशी काही हवा सोडली की माझी किनार थरथरली.

मी लख्ख झालो. आईने आधी टिल्लूकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. सगळं जागेवर आहे याची खात्री झाल्यावरच तिने मान वळवली.

कासव एका खडकाला पाठ घासत होतं, जेवणानंतर एखादे आजोबा दाराच्या चौकटीला पाठ खाजवतात तसं. आमची त्याला काही पडलीच नव्हती. मग ते श्वास घ्यायला वर निघालं. टिल्लूचे पाय हलले. आईचा हात तिला धरायला पुढे गेला. पण त्याआधीच टिल्लू स्वतः थांबली. एकदम वर जायचं नाही हे तिच्या लक्षात होतं. आईचा हात हळूच मागे आला. मग माझ्या काचेआड दोन डोळे, कासव दिसेनासं होईपर्यंत, वर बघत राहिले.

होडीत आल्यावर बाबांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" दोघी एकदमच बोलायला लागल्या, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही. आईने काकांना रुमालाची गोष्ट स्वतःच सांगितली. काका म्हणाले, "दरवर्षी कुणीतरी करतंच, ताई. पण खाली राहून निभावतात ते थोडे."

त्या संध्याकाळी काकांनी मला दाराआड नेलं नाही. खिडकीसमोरच्या खुंटीवर टांगलं.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला तर काम झाल्यावर त्याला गोड्या पाण्यात बुडवा आणि सावलीत वाळवा. काच खाली करून वाळूत टाकू नका. केस किनारीखाली अडकू देऊ नका. आणि खाली गेलात की प्रवाळाला हात लावू नका, कासवाच्या मागे लागू नका. त्यांच्या घरात आपण पाहुणे असतो. आपल्या माणसांवर लक्ष ठेवा, पण त्यांना पोहायला जागा द्या.

आता पुरे करतो. खुंटीपाशी कुणीतरी माझा पट्टा ओढून बघतंय, आणि आज पाणी तळापर्यंत स्वच्छ आहे.