शेवटपर्यंत बसलेला विद्यार्थी

प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स तयार करून देणाऱ्या बाईंच्या खोलीत इतिहासाचे सर खुशीत शिरले. "बाकीचे अर्ध्यात पळाले, पण एक पठ्ठ्या चाळीसच्या चाळीस व्याख्यानं ऐकून बसलाय. मला भेटायचंय त्याला."

बाईंनी यादीतलं नाव बघितलं. कोर्स नीट चालतो का हे तपासायला त्या नावाचं खोटं खातं त्यांनीच काढलं होतं. तपासणीला एक व्याख्यान पुरलं असतं. पण घरी एकटं जेवताना कुणाचा तरी आवाज हवा, म्हणून त्या रोज सरांना लावायच्या.

"लाजाळू आहे तो," त्या म्हणाल्या.

"मग काही विचारायचं तर लिहून विचार म्हणावं."

संध्याकाळी ताट वाढून घेतल्यावर बाईंनी त्या खात्यातून लिहिलं, "सर, तुम्ही जेवलात का?"