विसावा कप

“हा कप कुणी धुतला?” मी विचारलं, तर एकोणीस माना एकदम दाराकडे वळल्या.

आमच्या बालवर्गात मुलं आपलं सगळं आपण करतात. पाणी स्वतः ओतून घ्यायचं, सांडलं तर पुसायचं, कप विसळून खालच्या फळीवर उपडा घालायचा. वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या कपावर चित्र. मासा, छत्री, किल्ली. मुलं एकोणीस, चित्रं एकोणीस. विसावा कप बिनचित्राचा, कडेला टवका उडालेला. तो मी वरच्या फळीवर ठेवते, पोरांचा हात पोचणार नाही असा. आणि गेले आठ दिवस तो रोज दुपारी खाली, ओलाचिंब, बाकीच्यांच्या रांगेत.

मी इथली मदतनीस. सत्तावीस वर्षं या खोलीचा केर काढलाय, नाकं पुसलीत. मला बनवणारं पोर अजून जन्माला यायचंय.

“खुर्चीवर चढलास ना रे?” मी गोट्याला धरलं. काही उचापत झाली की आधी त्यालाच धरायचं, ही माझी जुनी खोड.

“मी नाही, मावशी. तो तिचा आहे.”

“तिचा म्हणजे कुणाचा?”

“पायरीवरच्या मुलीचा.”

मी दारातून वाकून पाहिलं. पायरीवर नुसतं ऊन होतं.

बाई कोपऱ्यात वहीत काहीतरी टिपत होत्या. बाई तिशीच्या. माझी पोर असती तर आज एवढीच असती. मूल काय करतंय ते आधी बघायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, हा त्यांचा नियम. मला आधी ती थेरं वाटायची. मग एकदा किल्लीवाल्या पोरानं वीस मिनिटं घालवून स्वतःचं बटण लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की तेव्हापासून मी जीभ आवरते. जमेल तेवढी.

“रागावू नका, मावशी,” बाई म्हणाल्या. “बघूया थोडे दिवस.”

“बघा तुम्ही. कप फुटला की मला सांगू नका,” मी म्हणाले. पण जाता जाता पायरीकडे पुन्हा एकदा पाहिलं.

शाळा सुटताना घरचं माणूस दाराशी आलं की बाई एकेकाला हाक मारतात आणि हात हातात देतात. हाक आल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. त्या दिवशी भिंगरीची आई थांबली. भिंगरी म्हणजे आमची छत्रीवाली, एका जागी उभी म्हणून राहात नाही.

“बाई, हिनं घरी नवंच खूळ काढलंय. जेवायला बसलं की दार उघडं ठेवायला लावते. म्हणते, तिला बाहेर तहान लागते. माझ्या अंगावर काटा येतो हो.”

“ओरडू नका तिला. दार ठेवा उघडं,” बाई म्हणाल्या. “मी विचारते उद्या.”

दुसऱ्या दिवशी सगळे चटईवर गोल बसले. भिंगरी आणि गोट्याच्या मध्ये एक जागा मोकळी. मी सरकून बसा म्हटलं, कुणी हललं नाही.

“पायरीवरच्या मुलीला काय हवंय?” बाईंनी विचारलं, हवापाण्याचं विचारावं तसं.

“पाणी,” गोट्या म्हणाला.

“मग ती आत का येत नाही?”

“तिच्या आईनं सांगितलंय ना,” भिंगरी म्हणाली. ती अगदी स्थिर बसली होती. “मी हाक मारेपर्यंत पायरीवरून हलायचं नाही.”

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

हे शब्द माझे. सव्वीस वर्षांपूर्वीचे. मी कुणाजवळ बोलले नव्हते, नवऱ्याजवळसुद्धा नाही. माझी पोर, ठकी, चार वर्षांची, सकाळी अंग कोमट होतं, घरी ठेवायला कुणी नव्हतं. तेव्हाच्या मोठ्या बाईंची सक्त ताकीद, मदतनिसानं आपलं पोर वर्गात आणायचं नाही. म्हणून तिला पायरीवर बसवलं. नोकरी नवी होती, मी घाबरले होते. आत दुसऱ्यांच्या पोरांना पाणी पाजत राहिले. खिडकीतून दिसलं, डोकं भिंतीला टेकलेलं. वाटलं, झोपलीय, बरंच झालं. शाळा सुटल्यावर उचलली तर अंगाचा निखारा झालेला. “आई, तू हाकच नाही मारलीस,” एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी गेली. मोठ्या बाईंना दोष देऊन मी पुष्कळ वर्षं काढली, पण हलू नकोस म्हणणारी मीच होते.

“मावशी?” बाई उठून माझ्याजवळ आल्या. “बसता का जरा?”

“नको,” मी म्हणाले. “बघूया म्हणालात ना? बघू द्या.”

मी दाराशी गेले. पायरीवर ऊनच होतं. पण एवढ्याशा जागेवर, भिंतीला लागून, ते पडलं नव्हतं.

“ठके,” मी हाक मारली. मग पुन्हा, मोठ्यानं. “ठके, ये आत. पाणी पी.”

काही झालं नाही. वारा नाही, चाहूल नाही. फक्त मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची मुलं थोडी थोडी सरकली, कुणी बसायला आलं की सरकतात तशी. भिंगरी उठली, खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचा टवक्याचा कप काढला, त्यात पाणी ओतलं, एक थेंब न सांडता आणलं आणि त्या जागेपुढे ठेवलं. मी पायरीकडे वळून पाहिलं. ऊन भिंतीपर्यंत सारखं पडलं होतं.

त्या दुपारी बाईंनी एकोणीस हाका मारल्या, एकोणीस हात हातात दिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे केला, मूठ मिटली आणि तशीच घरी गेले. वाटेत मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी फळीवर एकोणीस कप ओले होते. विसावा वरच, कोरडा ठणठणीत. पोरं बाहेर खेळायला पळाली होती, पायरी तुडवत. मी तो कप खाली घेतला, धुतला आणि छत्रीच्या शेजारी उपडा घातला.