गाठीचा वाटा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायचं, झोक्यावर बसायचं आणि आईच्या हातचे खापरावरचे मांडे खायचे, एवढीच माझी हौस. एक्याण्णव साली सणाच्या थोडं आधीच अमळनेरहून निघून सावद्याला उतरले. घरी आले तर चूल थंड आणि आई खाटेवर, अंगावर नुसती हाडं. पोटात गाठ आहे हे माहीत होतं, ऑपरेशनही ठरलं होतं. मग ही अशी का?

"तिले गोड देऊ नको," आबांनी दारातच बजावलं. "दूध नही, तूप नही. अर्धी भाकर, बस."

जळगावच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, गाठ एकटी वाढत नाही. शेजारच्या चांगल्या पेशींनाच ती कामाला लावते. त्या तिला पोसतात, पसरायला वाटही करून देतात. आमचे आबा पडले केळीवाले. झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं कापण्यात जन्म गेला. पील झाडाचंच खातं, हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांनी ठरवून टाकलं, झाडालाच कमी घालू, पील आपोआप वाळेल. डॉक्टरला विचारायचं मात्र सुचलं नाही. असे आमचे आबा, अर्धं ऐकतात आणि पुरं करतात!

आई सारखी मांड्यांचंच बोलायची. "आमरसात बुडवून एक घास दे, माय." माझा जीव तुटायचा.

शेवटी मी आबांशी भांडले आणि दोघांना घेऊन जळगाव गाठलं. आईला पाहून डॉक्टर हादरले. आबांनी आपला विचार सांगितला.

"जीवरामभाऊ, बागेचं पाणी तोडलं तर आधी कोण पडतं?"

आबांचा चेहरा उतरला. "झाड."

"तसंच हे. बाहेरून मिळालं नाही तर गाठ अंगातलं मांस, चरबी ओढून घेते. उपाशी राहतात त्या कुंदाबाई. त्यांना खाऊ घाला. अंग भरलं तरच ऑपरेशन."

आखाजीच्या सकाळी आबांनी स्वतः चुलीवर खापर चढवलं. मांडे मी केले. आमरसात बुडवलेला घास त्यांनी आईच्या ओठांशी नेला. तिने वास घेतला, डोळे भरून आले, पण तोंड काही उघडेना.

"आता भूकच नही लागत हो," ती म्हणाली.

आबांच्या हातातला घास तिने घेतला आणि माझ्या तोंडात घातला. "आखाजीले लेक उपाशी ठेवू नही."

आबा रसाने भरलेला हात तसाच धरून बसून राहिले. ती बघत होती, म्हणून मी तो घास गिळला.