सहावा आठवडा

अपूर्वानं पायानंच स्टूल कॉम्प्युटरसमोर ढकललं.

"बस इथं आणि दाखव मला."

अवधूत सकाळीच मुंबईहून बसनं सांगलीत उतरला होता. चहाचा तिसरा कप त्याच्या हातात होता आणि बॅग अजून दारातच पडून होती. त्यानं आतल्या खोलीकडं पाहिलं. दुपारी डायलिसिसहून आलेली आई तिथं झोपली होती.

"ताई, जाऊ दे की आता. झालं ते झालं."

"तुझं काय झालं? जे झालं ते आईचं झालं."

त्यानं कप खिडकीत ठेवला, पण तो बसला नाही.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दोन वर्षं होत आली होती. आठवड्यातून तीनदा मिरजेला जायचं, मशीनला लावून पडून राहायचं आणि घरी येऊन अशी झोप घ्यायची, की दोन हाकांनीही जाग येऊ नये. अपूर्वाचा रक्तगट जुळला नाही. आपली किडनी आईला चालणार नाही हे कळलं त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडली होती, आणि धाकट्याची जुळते हे कळलं त्या दिवशीही.

अवधूत जर्मनीत यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दिवाळीत येऊन तो सगळ्या तपासण्या करून गेला. तिकडं तारखेनं कुणी बोलत नाही, असं तो सांगायचा. सुट्टी असो, मीटिंग असो, माल पाठवायचा असो, वर्षातला कितवा आठवडा तेवढं सांगायचं. "तुझ्या कॅलेंडरमध्ये आठवड्यांचे आकडे चालू कर, म्हणजे आपला घोळ होणार नाही," हे त्याचेच शब्द. अपूर्वा घरी बसून घरांचे नकाशे काढून द्यायची. कॉम्प्युटर दिवसभर तिच्यासमोरच असायचा. तिनं आकडे चालू केले. महिन्याच्या प्रत्येक ओळीच्या डावीकडं एक बारीक करडा आकडा दिसू लागला. पुढं भावाबहिणीचं बोलणं त्याच आकड्यांत सुरू झालं. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली तेव्हा तिनं त्याला लिहिलं, 'आठवडा सहा, गुरुवार. सोमवारी पोच.' त्यानं अंगठा पाठवला.

सोमवार आला, अवधूत आला नाही. फोन लागला तो मंगळवारी, आईला ॲडमिट करायला म्हणून ती हॉस्पिटलात पोचल्यावर.

"अगं, सहावा आठवडा पुढचा ना!" तो म्हणाला होता. आणि मग त्यानं तिला समजावून सांगितलं. तुझं कॅलेंडर एक जानेवारी ज्या आठवड्यात येते त्यालाच पहिला धरतं. आमच्याकडं नव्या वर्षाचे किमान चार दिवस ज्यात असतील तो पहिला. त्यामुळं एका आठवड्याचा फरक पडतो. आमच्या कंपनीत एकदा यावरून अख्खा ट्रक चुकीच्या आठवड्यात गेला होता. अपूर्वा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, लोकांचे धक्के खात, फोन कानाला दाबून हे सगळं ऐकत उभी राहिली. ऑपरेशनचा दिवस दुसऱ्या पेशंटला गेला. शुक्रवारी डायलिसिसमधून जंतुसंसर्ग होऊन आईला थंडी वाजून ताप भरला आणि तिला आयसीयूत न्यावं लागलं.

फलटणहून उदयसिंहमामा धावत आले. "साधी तारीख लिहायची सोडून आठवडे कसले मोजत बसता गं?" असं ते चार लोकांसमोर म्हणाले. अपूर्वा गप्प राहिली. काचेतून आतली आई दिसत होती आणि हे आपल्यामुळं झालं, आपल्या एका सेटिंगमुळं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. घरी आल्यावर तिनं कॉम्प्युटर लावलाच नाही. नकाशांची कामं देणाऱ्या इंजिनिअरचे फोन येत राहिले, तेही तिनं घेतले नाहीत.

आई त्यातून उठली. आणि आज अवधूत दारात उभा राहिला, आईच्या पाया पडला, "थोडक्यात घोळ झाला बघ" म्हणाला आणि चहा पिऊ लागला. त्याचं ते 'थोडक्यात' तिच्या डोक्यात गेलं.

"मला पुढची तारीख घ्यायची आहे," ती म्हणाली. "पुन्हा चुकायला नको. ते तुमचं चार दिवसांचं काय असेल ते माझ्या कॅलेंडरमध्ये घालून दे. माझी चूक मला बघू दे तरी."

"चूक म्हणजे काय गं, ते आधीपासूनच तसं असतं. तुझा काय दोष?"

"मग भितोस कशाला? बस."

तो बसला. तिनं कॅलेंडर उघडून दिलं आणि त्याच्या खांद्यामागं उभी राहिली. फेब्रुवारी समोर आला. हुकलेला गुरुवार ज्या ओळीत होता, तिच्या डावीकडं सहा होता.

अवधूतनं सेटिंग उघडलं. आठवड्याचा पहिला दिवस रविवार होता, तो त्यानं सोमवार केला. त्याखाली वर्षाचा पहिला आठवडा कोणता ते विचारलं होतं, आणि तीन पर्याय होते. एक जानेवारीपासूनचा. किमान चार दिवसांचा. पूर्ण सात दिवसांचा. त्यानं पहिल्यावरची खूण काढून दुसऱ्यावर केली.

"हे बघ," तो म्हणाला आणि त्यानं ओके दाबलं.

फेब्रुवारी पुन्हा आला. रविवार ओळीच्या शेवटी गेला होता. गुरुवार जागच्या जागी होता आणि डावीकडं सहाच होता.

"कुठं काय बदललं?" अपूर्वानं विचारलं.

"थांब, झालं नसेल."

त्यानं सेटिंग पुन्हा उघडलं. खूण दुसऱ्याच पर्यायावर होती. कॅलेंडर बंद करून उघडलं. सहा. तो जानेवारीवर गेला आणि तिथंच थांबला. अपूर्वा वाकून बघू लागली. यंदा एक जानेवारी गुरुवारी आली होती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. बोट लावून मोजायचीही गरज नव्हती. चार दिवस भरत होते. यंदा त्याचा पहिला आठवडा आणि तिचा पहिला आठवडा एकच होता.

अवधूतनं पुन्हा सेटिंग उघडून तिसरा पर्याय निवडला आणि ओके दाबलं. आता आकडे हलले. गुरुवारच्या ओळीला पाच आले आणि तो ज्या आठवड्यात आला त्याला सहा.

"तुमच्या कंपनीत हे लावलेलं असतं?" तिनं विचारलं. "मला फोनवर तर चार दिवस म्हणालास."

त्यानं खूण पुन्हा दुसऱ्या पर्यायावर आणली. पाचाचे पुन्हा सहा झाले.

अपूर्वाला वाटलं होतं आपण ओरडू. पण आयसीयूच्या काचेबाहेर काढलेले ते दिवस आठवले आणि आवाज हळूच निघाला.

"मला सगळ्यांनी बोलून घेतलं," ती म्हणाली. "मामा बोलले. मी स्वतःला बोलून घेतलं. रोज. आणि तू तिथं बसून ऐकत होतास."

"ताई, मी गेलो होतो." तो स्क्रीनकडंच बघत होता. "त्या रविवारी. विमानतळावर, गेटपर्यंत गेलो. सगळे चढले, मी बसूनच राहिलो. माझं नाव पुकारलं त्यांनी. उठताच येईना."

"मग तेव्हा सांगायचंस!"

"काय सांगायचं होतं? आईला किडनी द्यायला घाबरतो म्हणून?"

"हो! तेच! भ्यालास म्हणून सांग की सरळ! मी शिव्या दिल्या असत्या, डॉक्टरांच्या पाया पडले असते, आणि काय झालं असतं? पण माझ्या गळ्यात कशाला मारलंस?"

"या रविवारी पुन्हा गेलो," तो हळू म्हणाला. "या वेळी चढलो."

"उपकार केलेस!"

शेवटचे शब्द घरभर घुमले. आतली खाट करकरली. दोघांनीही वळून पाहिलं तेव्हा आई दाराची चौकट धरून उभी होती. केस सुटलेले, हातावर दुपारच्या सुईची पट्टी तशीच.

"कोण भ्यालं?" तिनं विचारलं.

आई कराडजवळच्या मलकापूरची. लग्न होऊन सांगलीत आली त्याला चाळीस वर्षं होत आली, पण बोली तिनं सोडली नव्हती.

"अवधूत, भ्याला असशील तर नगं बाबा. मला तुजं काय बी नगं. हाय हे बरं चाललंय माजं. मिशिनवर लोकं दहा-दहा वर्सं काढत्यात. उगं भ्यालेल्या लेकराला कापायचं आन् मी जगायचं, ते मला न्हाई जमायचं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता की रुसवा. भाजी नको म्हणावं तसं ती म्हणाली. अपूर्वाला हॉस्पिटलातला ताप आठवला, त्या तापात थरथरणारी हनुवटी आठवली. या बाईनं एकदा नाही म्हटलं की तिच्या तोंडून हो काढणं कुणालाच जमलं नव्हतं, आणि आता ते जमवायला वेळही नव्हता.

अवधूत उठून उभा राहिला. "आई, मी त्या रविवारी..."

"कुणी भ्यालं नाही," अपूर्वा म्हणाली.

अवधूतनं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

"माझ्या कॅलेंडरचं सेटिंग चुकलं होतं. एका आठवड्याचा फरक पडत होता. त्यानं आत्ता दाखवलं मला. मीच त्याला नीट कळवलं नव्हतं."

"मग येवढा आरडावरडा कशापायी?"

"माझी चूक निघाली म्हणून."

आईनं लेकाकडं पाहिलं. "व्हय रं?"

"व्हय," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला त्यानं खिडकीतला कप उचलला.

"डॉक्टरांना फोन लाव," अपूर्वा त्याला म्हणाली. "तारीख तू घे. आठवडा नाही. वार, तारीख, महिना. आणि बाहेर जाऊन बोल."

तो फोन घेऊन अंगणात गेला. आई भिंत धरत आली आणि त्याच्याच स्टुलावर टेकली. बाहेरून त्याचा आवाज येत होता. आधी कापरा, मग जरा स्वच्छ. पलीकडून कुणीतरी विचारत असावं, कारण तो "हो, मी स्वतः, इथंच आहे" असं पुन्हा पुन्हा सांगत होता.

आईनं स्क्रीनकडं बघितलं. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

"तुजी चूक असली की तू गप बसतीस, अपू," ती म्हणाली. "ल्हानपनापास्नं. आरडत न्हाईस."

अपूर्वानं कॅलेंडर बंद केलं.

"जा, त्याला जेवाय वाढ," आई म्हणाली. "सकाळपास्नं नुसत्या च्यावर हाय त्यो. आन् आता मला बी भूक लागलीया."

अपूर्वा स्वयंपाकघरात गेली. मांडणीवरनं तिनं ताट काढलं आणि ओट्यावर असं आपटलं, की अंगणातलं बोलणं क्षणभर थांबलं. मग तिनं आणखी दोन ताटं काढली.