नव्वद की एकशे चाळीस

मिस्त्रींनी गाडीखाली उताणं सरकून मागच्या दोन चाकांमधल्या, गिअरच्या गोळ्याच्या भोकात बोट घातलं, बोटभर तेल बाहेर काढलं आणि ते अंगठ्याशी चोळत डोळे मिटले. कण लागला नाही. हुंगून पाहिलं, जळका वासही नव्हता. नव्वद नंबरचं हे तेल आठ दिवसांपूर्वी त्यांनीच भरलं होतं आणि ते अजून नव्यासारखं होतं.

“तेल उत्तम आहे,” ते बाहेर येत म्हणाले.

“असेल ना. पण आवाजही तसाच आहे,” गाण्याच्या बाई म्हणाल्या.

या बाई दोन शाळांत गाणं शिकवायच्या. एक शाळा इथे जवळच, दुसरी चढ ओलांडून पलीकडे, आणि मधली सगळी धावपळ वडिलांच्या वेळच्या या जुन्या गाडीवर. आठ दिवसांपूर्वी मिस्त्रींनी गोळ्यातलं तेल बदललं, एक फेरी मारली आणि आवाज गेल्याचं जाहीर करून टाकलं. बाई म्हणाल्या, नाही गेला. त्यावर मिस्त्री म्हणाले होते, “मग एकदा कान दाखवून घ्या.” तीस मुलींच्या घोळक्यात नेमकी कोण बेसूर गातेय हे ज्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगतात, त्या बाईंना. ते वाक्य आठवलं की मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या अजून गरम व्हायच्या.

बाईंनी मात्र ते मनाला लावून घेतलं नव्हतं. किल्ली देताना त्या एवढंच म्हणाल्या, “या वेळी कुणाला तरी सोबत बसवून चालवून बघा. गाडी उद्या सकाळी नेते.”

त्या गेल्यावर मिस्त्रींनी एकट्यानेच फेरी मारली. हट्टी माणूस. काचा वर करून मारली, मग खाली करून मारली. इंजिनाची घरघर ऐकू आली, रस्त्याची खडखड ऐकू आली. बाकी काही नाही.

परत येऊन त्यांनी बाकावर दोन डबे शेजारी शेजारी मांडले. एक नव्वद नंबरचा, दुसरा एकशे चाळीसचा. गोळा जुना होता. आत दातावर दात फिरून फिरून झिजलेले, त्यांच्यात फट पडलेली. एकशे चाळीसचं तेल मधासारखं जाड. ते फटीत टिकून राहतं, दातांना एकमेकांवर आदळू देत नाही, आवाज बसतो. पण आवाज दातांचा नसून बेअरिंगचा असेल, तर हेच जाड तेल घात करतं. दुखणं तसंच राहतं, नुसती ओरड बंद होते, आणि एक दिवस भर चढावर चाकं जागच्या जागी आवळली जातात. आणि त्या दिवशी गाडीत बाई असणार. दोन्हींतला फरक ओळखायची खूण एकच: आवाज ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यावर येतो की सोडल्यावर. फक्त दाबल्यावर आला तर दात, सोडल्यावरही राहिला तर बेअरिंग. आयुष्यभर मिस्त्रींनी ही खूण एका फेरीत ओळखली होती. आता मुळात आवाजच येत नव्हता, आणि तो का येत नसावा हा विचार त्यांनी आठ दिवस डब्याचं झाकण दाबावं तसा दाबून ठेवला होता.

खांद्यावर हात पडला. बायको चहा घेऊन आली होती.

घर गॅरेजच्या पाठीमागेच होतं. हल्ली तिला काहीही सांगायचं असलं की ती आधी जवळ यायची, खांद्याला हात लावायची आणि तोंडासमोर उभी राहून बोलायची. मिस्त्रींना वाटे, वयाबरोबर माया वाढलीय. आणि तरीही एक गोष्ट त्यांना आतून खात होती. बायकोचं गुणगुणणं बंद झालं होतं. लग्न झाल्यापासून ही ओट्यापाशी उभी राहिली की गुणगुणायची. धड गाणं नव्हे, आपलं बारीक सुरात काहीतरी. दोन वर्षांपूर्वी लेक म्हणाली, गॅरेज विका आणि दोघं माझ्याकडे राहायला या, नातीला आजी हवीय. मिस्त्री नाही म्हणाले. बायको त्यावर काही बोलली नाही, पण साधारण त्याच सुमारास स्वयंपाकघर मुकं झालं आणि मिस्त्रींनी मनाशी जे समजायचं ते समजून घेतलं. विचारायचं धाडस त्यांना एकदाही झालं नाही. विचारलं आणि ती खरंच ‘हो’ म्हणाली, तर काय करायचं?

“ऐक,” कप हातात घेत ते म्हणाले, “जरा गाडीत बसतेस का? मागे.”

“मी? कशाला?”

“आवाज ऐकायला.” मग चहाकडे बघत त्यांनी उरलेलं सांगून टाकलं. “मला येत नाहीये.”

बायको हसली नाही, की ‘त्या कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून मी सांगतच होते’ असंही म्हणाली नाही. तिने हात पुसले, पायात चपला सरकवल्या आणि मागच्या सीटवर बरोबर मधोमध, गोळ्याच्या डोक्यावर जाऊन बसली.

“काय करायचं ते सांगा.”

“आवाज आला की माझा खांदा दाब. थांबला की हात सैल सोड. बाकी काही नको.”

गोदामांमागचा सरळ रस्ता रिकामा होता. मिस्त्रींनी वेग धरला आणि पाय दाबला. खांद्यावरची बोटं आवळली. पाय उचलला, बोटं सैल झाली. पुन्हा दाबला, पुन्हा आवळली. रस्त्याच्या टोकापर्यंत त्यांनी हे सहा वेळा केलं आणि एकदाही चूक झाली नाही. इतकी वर्षं संसार करूनही आपली बायको इतकी चोख मापाची असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी तिला कधी गाडीत या कामासाठी बसवलंच नव्हतं.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळले. “आवाज आहे कसा? गुरगुरतो?”

“छे. बारीक आहे.” तिने थोडा विचार केला. “मी ओट्यापाशी गुणगुणते ना, अगदी तसा.”

मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले.

“तू कुठे गुणगुणतेस हल्ली?”

“म्हणजे?”

“बंदच केलंस ना. दोन वर्षं झाली.” आता निघालंच होतं तोंडातून, तर ते थांबले नाहीत. “लेकीकडे गेलो नाही, तेव्हापासून.”

बायकोच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग तिने ओठ मिटले आणि हनुवटी जराशी वर केली. मिस्त्री वाट बघत राहिले. इंजिन बंद होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि कुठूनच काही ऐकू येत नव्हतं. फक्त तिच्या गळ्याची कातडी किंचित हलत होती.

“करतेयस?” त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. गळा हलतच होता.

मिस्त्रींनी दोन सीटच्या मधून हात लांब केला आणि दोन बोटं तिच्या गळ्याच्या खोबणीवर टेकवली. बोटांखाली बारीक, अखंड थरथर लागली, चांगल्या इंजिनावर हात ठेवल्यावर लागते तशी. ती थांबली, श्वास घेतला गेला, पुन्हा सुरू झाली.

“रोज?”

“रोज. आज सकाळीसुद्धा. तुम्ही तिथेच तर दाढी करत होतात.”

“मला वाटलं, तू रागावलीस.”

“रागावले होते की. चांगले चार दिवस.” तिने त्यांचं मनगट धरलं, पण बोटं काढून टाकली नाहीत. “दोन वर्षं रागवायला मला काय दुसरी कामं नाहीत? आणि तुम्ही एवढे दिवस हे पोटात घेऊन हिंडत होतात?”

मिस्त्रींना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं, आणि दोन वर्षांचं गुणगुणणं ऐकायचं राहून गेलं होतं. यातल्या कशाचं काय वाटून घ्यावं हे त्यांना कळेना. म्हणून त्यांनी जे कळत होतं ते विचारलं.

“पाय सोडल्यावर अजिबात नव्हता ना? नीट आठवून सांग.”

“अजिबात नव्हता.”

“मग दातच. बेअरिंग शाबूत आहेत.” त्यांनी बोटं मागे घेतली. “तुझ्या गळ्याला तेल लागलं.”

“लागू दे. कुठलं घालणार मग?”

“एकशे चाळीस,” मिस्त्री म्हणाले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात खात्री होती.

गॅरेजात त्यांनी जुनं तेल काढलं, बुचाचं लोहचुंबक पुसून पाहिलं आणि जाड तेल पिचकारीने सावकाश भरलं, भोकाच्या काठावरून ओघळेपर्यंत. बायको स्टुलावर बसून बघत होती. स्वयंपाक राहिलाय असं ती दोनदा म्हणाली आणि दोन्ही वेळा बसून राहिली.

उन्हं उतरता उतरता दोघं पुन्हा त्याच रस्त्यावर आली. मिस्त्रींनी पाय दाबला. खांद्यावरचा हात नुसता ठेवलेला राहिला. त्यांनी आणखी दाबला, पुढच्या चढावर गाडी खेचून नेली. बोटं आवळली नाहीत. त्यांनी आरशात बघितलं, तिने नकारार्थी मान हलवली. गेला.

सकाळी गाण्याच्या बाईंना काय सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करू लागले. ‘बाई, तुमचे कान ठीक आहेत’ एवढं म्हटलं तरी पुरे होतं. वळणावर गाडी हळू झाली तेव्हा खांद्यावरची बोटं हलायला लागली. मिस्त्री दचकले, पाय उचलला, पण बोटं थांबेनात. ती खाली-वर होत होती, एका लयीत, हलकी. आरशात तिचे ओठ मिटलेले होते आणि गळ्यावर तेलाचे दोन ठसे तसेच होते.

चौक आला. तिथून गॅरेज डावीकडे होतं.

“तो कानाचा डॉक्टर,” समोर बघत ते म्हणाले, “किती वाजेपर्यंत बसतो?”

बोटं थांबली. मग जराही वेळ न लावता खांद्यावर एकाच बोटाचे ठोके पडले. मिस्त्रींनी मोजले. आठ.

साडेसहाच होत होते. त्यांनी उजवीकडचा दिवा लावला.